वॉश घ्यायची पाळी माझी होती

“याच्या हातात ब्लेड द्या, सिस्टर,” चीफ म्हणाले. “न्हावी आला नाही म्हणून कशाला थांबायचं? आपल्या युनिटचा स्वतःचा न्हावी आहे.”

ते इंग्रजीत म्हणाले. मग हसले. चीफ हसले की युनिट हसतं. आधी असिस्टंट प्रोफेसर, मग पीजी करणारे डॉक्टर, मग आमची बॅच. वरून खाली, ज्याने त्याने आपली पायरी सांभाळून.

सिस्टरने ट्रे पुढे केला. ट्रेमध्ये रेझर, साबणाच्या पाण्याची वाटी, गॉजचे तुकडे. मी ट्रे घेतला. लोक सांगतात तसं डोळ्यांपुढे काही आलं नाही. मला आठवते ती ट्रेच्या कडेला लावलेली चिकटपट्टी. तिच्यावर वॉर्डचं नाव लिहिलेलं होतं आणि धुऊन धुऊन अक्षरं निम्मी गेली होती. मी ती निम्मी अक्षरं वाचत उभा राहिलो.

त्या दिवशी वॉश घ्यायची पाळी माझी होती. हे आधी सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो. सर्जरीची पोस्टिंग चालू होती. सकाळी वॉर्डात राउंड, मग ऑपरेशन थिएटर. थिएटरमध्ये आम्ही विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे राहायचो. पुढे पीजींच्या पाठी. त्या पाठींपलीकडे काय चाललंय ते दिसायचं नाही. फक्त चीफचा आवाज ऐकू यायचा, आणि कुणी चुकलं की शिव्या. पण रोज एकाला टेबलाशी उभं राहायला मिळायचं. त्याने कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, हात वर धरून आत जायचं, सिस्टर गाऊन चढवणार, ग्लोव्हज देणार. मग सर्जनच्या समोर उभं राहून जखमेची कड ओढून धरायची. एवढंच काम. पण आतलं सगळं दिसतं. याला आमच्याकडे म्हणतात, वॉश मिळाला. रोल नंबरने मिळतो. शिफारस नाही, लाडका-दोडका नाही. त्या अख्ख्या कॉलेजात रोल नंबरने चालणारी ती एकच गोष्ट असावी.

मी घरी तालीम केली होती. घर म्हणजे राजाजीनगरमध्ये दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. दुकान म्हणजे सलून. अप्पांचं. त्यांच्या आधी आजोबांचं. आमची माणसं बेंगळुरूला कधी आली ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. मराठी घरात, कन्नड रस्त्यावर, आणि दोन्हींची खिचडी दुकानात. दुकानाच्या बेसिनवर मी नखं घासत होतो, बोटांच्या मधल्या जागा घासत होतो, मग मनगट, मग कोपर. अप्पा गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारता मारता आरशातून बघत होते.

“इतकं काय घासतोस रे? आम्ही काय तुला घाणीत वाढवला?”

“अप्पा, हात वर धरायचे असतात. पाणी कोपराकडून गळलं पाहिजे. बोटांकडे परत येता कामा नये.”

“सरी, बरं,” ते म्हणाले, आणि स्वतःचे हात वर धरून बघितले. एका हातात कंगवा होता. “आणि मग खरंच आतलं बघायला मिळतं? माणूस आतून कसा दिसतो ते?”

“थोडंसं.”

“मग आल्यावर सांग.” गिऱ्हाइकालाही त्यांनी सांगितलं. “डॉक्टरसाब उद्या ऑपरेशनला उभे राहणार.” मी उभाच राहणार होतो, ते खरं होतं.

आता काका.

काका म्हणजे त्या दिवशीचे पहिले पेशंट. आमच्याच भागातले कापडाचे व्यापारी, जुन्या मराठी घरातले. दुकान जोरात चालतं, पण जनरल वॉर्डात ऑपरेशन जवळजवळ फुकट होतंय म्हटल्यावर स्पेशल रूमकडे त्यांनी बघितलंही नाही. जांघेत हर्निया. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. दर रविवारी ते अप्पांच्या खुर्चीत येऊन बसतात. माझ्या बापाला ते गोप्या म्हणतात. अप्पा त्यांच्याहून मोठे आहेत, तरी गोप्याच. अप्पा त्यांना शेट म्हणतात.

सकाळी राउंडच्या आधी मी त्यांची तपासणी केली. तोंडाला मास्क, अंगात एप्रन. त्यांनी मला ओळखलं नाही. ते कन्नडमध्ये बोलले, मीही कन्नडमध्ये बोललो. पोटावर हात ठेवला. धोतर सोडायला लावलं, जांघेत बोटं ठेवली, खोका म्हणालो. ते खोकले. बोटांना धक्का लागला. पुस्तकात लिहिलंय अगदी तसा. मला आनंद झाला. काकांनी धोतर सावरलं आणि माझ्यापुढे हात जोडले.

“एनु तोंदरे इल्ला ताने, डॉक्टरे?” काही धोका नाही ना, डॉक्टर.

मी म्हणालो, नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मोकळा, उघडा हात. धरून ठेवला. हा हात लक्षात ठेवा.

मग राउंड आला. चीफ पुढे, मागे पंचवीस-तीस माणसं. मी केस सांगायला लागलो. चीफ म्हणाले, “आवाज येत नाही. मास्क खाली घे.” मी मास्क खाली घेतला. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा फुलला की मला काय होणार ते कळलं आणि मी काही करू शकलो नाही.

“अरे! तू आपल्या गोप्याचा ना रे? राजाजीनगरच्या?”

मी मान हलवली. काकांना अभिमान वाटला, खरंच वाटला. आपल्या गल्लीतलं पोर डॉक्टर होतंय. तो अभिमान त्यांना एकट्याने पेलवेना. ते चीफकडे वळले.

“नम्म हजामन मगा, सार्! तुंबा ओळ्ळे हुडुगा.”

आमच्या हजामाचा मुलगा. फार चांगला पोरगा.

बेंगळुरूत वाढलेल्याला हा शब्द नवा नसतो. रिक्षावाला बसवाल्याला देतो. शाळेत पोरं एकमेकांना द्यायची, मैदानात झेल सुटला की. ए हजामा. ज्यांना काही माहीत नव्हतं तीही द्यायची, आणि मला देताना त्यांना मी कोण ते ठाऊक नसायचं. मी हसायचो. सगळे हसायचे ना. आमच्या धंद्याचं नाव अख्ख्या शहराने शिवी म्हणून वापरायला काढलंय, आणि परत करायची तारीख कुणी सांगितलेली नाही.

चीफना मात्र काहीतरी आठवलं. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वडील काय करतात ते विचारलं होतं. ही त्यांची पद्धत. डॉक्टर, डॉक्टर, बिल्डर, डॉक्टर, आयटी. मी म्हणालो होतो, बिझनेस. खोटं नव्हतं. दुकान आहे, शटर आहे, लाइटबिल येतं.

“बिझनेस!” चीफ आता म्हणाले. “अच्छा, हा होय तुझा बिझनेस!”

तेवढ्यात सिस्टर म्हणाली की पेशंटची तयारी राहिली आहे. ऑपरेशनच्या जागेवरचे केस काढणं हे आमच्या हॉस्पिटलात नेमलेल्या न्हाव्याचं काम. तो त्या दिवशी आलाच नव्हता. थिएटर थांबून राहणार. चीफच्या भुवया चढल्या. मग उतरल्या. मग ते वाक्य आलं, जिथून मी सुरुवात केली.

“तुझ्या रक्तातच आहे ते,” ट्रे माझ्या हातात आल्यावर चीफ म्हणाले. “आमच्यातल्या कुणी केलं तर बिचाऱ्याला कापून ठेवेल.”

पुस्तकात लिहिलंय की रेझर वापरू नये, बारीक जखमा होतात, मशीन वापरावं. हे मला येत होतं. मी तोंड उघडलं नाही. माझ्या तोंडून “येस सर” निघालं. ते आपोआप निघतं.

चीफ दोन पावलं गेले आणि थांबले. “आणि हे आटपून, अंघोळ करून, कपडे बदलून तू येणार कधी? आज वॉश अद्वैतला. चल रे.”

अद्वैत माझ्या पुढच्या रोल नंबरचा. महादेवपुऱ्याला राहतो, आईबाप दोघं आयटीत, पुण्याहून आलेले. बॅचमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून कँटीनमध्ये एकत्र बसायचो. त्याने माझ्याकडे बघितलं. मग चीफकडे बघितलं. मग गेला.

पडदा ओढला. आत मी आणि काका. बाहेर कुणीतरी काहीतरी बोललं, हशा झाला, आणि पावलं दूर गेली. वॉर्डबॉय गरम पाणी आणायला गेला होता. मी हात मोकळे ठेवून उभा होतो. काकांना शांतता सोसवत नाही. दुकानात पण नाही.

“उभा काय राहिलास असा? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,” ते म्हणाले आणि गदगदून हसले. जांघेला कळ लागली तसे थांबले.

ही म्हण मी हजार वेळा ऐकली आहे. मराठीच्या तासाला वाक्यात उपयोगही करून दाखवला आहे. पण आजोबांकडे खरी तुंबडी होती. शिंगाची. गळू झालं, अंग ठणकलं की गल्लीतली माणसं डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांच्याकडे यायची. आजोबा गळू कापायचे, नासकं रक्त ओढायचे, राख लावायचे. बरी व्हायची काही, काही नसतील होत. पण पोटापाण्याला कापाकापी आमच्याकडे होती. मग ती कॉलेजात गेली. तिला थिएटर मिळालं, हिरवे गाऊन मिळाले. आमच्याकडे राहिली दाढी, आणि म्हण.

हे सगळं मी नंतर जुळवलं. तेव्हा डोकं बंद होतं. पाणी आलं. मी साबण लावला. कातडी ताणून धरली, रेझर तिरका ठेवला. बारावीपर्यंत मी रविवारी दुकानात हात लावायचो. हाताला सगळं आठवत होतं. एक ओरखडा उठला नाही. वाईट वाटतं ते हेच. काम मी छान केलं. चुकून वाईट केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“हात हलका आहे,” काका डोळे मिटून म्हणाले. “बापावर गेलास.”

मी गॉजने जागा पुसली. ते उठून बसले. मघाशी तपासून झाल्यावर त्यांनी हात जोडले होते. आता त्यांनी पडदा बाजूला सारून सिस्टरला हाक मारली. अंघोळ करायची आहे म्हणाले.

सिस्टर म्हणाली, “आत्ता सकाळी केलीत ना? औषधी साबणाने? आता थेट थिएटर.”

“ती वेगळी. ही वेगळी.” मग तिला समजेना म्हणून त्यांनी मलाच साक्षीला घेतलं, मराठीत. “तू सांग रे तिला. न्हाव्याचा हात लागला की अंघोळीशिवाय मी देवाचं नावसुद्धा घेत नाही. आज तर ऑपरेशन. जातानाची वेळ. तुला माहीतच आहे. बापाला विचार.”

मला माहीत होतं. दाढी-कटिंग झाली की गिऱ्हाईक तडक घरी जातं, मोरीत जातं, कुणाला न शिवता. केस टोचतात म्हणूनही जातं. आम्ही लहानपणी तेवढंच धरून चाललो होतो. केस टोचतात म्हणून.

मी माझ्या हातांकडे बघितलं. सकाळी याच हातांनी मी काकांचं पोट चाचपलं. याच बोटांनी जांघ दाबली, हीच जागा. तेव्हा ते डॉक्टरचे हात होते. त्यांनी ते धरून ठेवले, अंघोळ मागितली नाही. मध्ये काय झालं? माझा मास्क खाली आला. बस. हात तेच. बोटं तीच.

मी सिस्टरला कन्नडमध्ये सांगितलं की त्यांना अंघोळ करायची आहे, कारण न्हाव्याने शिवलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. तिने फोन लावून थिएटरमध्ये विचारलं. पलीकडून चीफ काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण तिने सांगितलं, “सर म्हणाले करू दे. सेंटिमेंट असतं लोकांचं.” मला न्हाऊन यायला वेळ नव्हता. काकांना होता.

काका ओल्या केसांनी, कपाळाला विभूती लावून स्ट्रेचरवर चढले. जाताना माझ्या पाठीवर थोपटायला त्यांनी हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. आत्ताच अंघोळ झाली होती ना. त्यांच्या चेहऱ्यावर जराही वाईट भाव नव्हता. ते गेले. त्यांच्या आत काय आहे ते अद्वैतने बघितलं.

मी वॉर्डातच बसलो. स्टुलावर. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आला नाही. एक बधिरपणा होता, दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठाला येतो तसा. ओठ आपला असतो पण चावला तरी कळत नाही. खिडकीतून आवारातली झाडं दिसत होती, येलहंक्याकडून उठलेलं विमान घरघरत गेलं. आया फरशी पुसत माझ्यापर्यंत आली. मी पाय वर घेतले. तिने खालून पुसलं. मी पाय खाली ठेवले.

मग सिस्टर पुन्हा ट्रे घेऊन आली. नवं रेझर. “दुसरी केस. सर म्हणाले हीही तूच कर. न्हावी आता लागणारच नाही म्हणाले, पोस्टिंग संपेपर्यंत.” ती बिचारी हळू बोलत होती. तिने ट्रे माझ्या शेजारच्या स्टुलावर ठेवला.

दुसरी केस म्हणजे एक तरुण रिक्षावाला. पाठीवर मोठी गाठ. तो पालथा झोपून आमच्याकडे बघत होता.

मी ट्रेला हात लावला नाही. विचार करून नव्हे. हात मांडीवर होते, ते उचललेच गेले नाहीत. काकांचा मध्येच मागे गेलेला हात मला दिसत होता, आणि माझे हात उठत नव्हते. तिथे पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. तो राग होता. उशिरा का होईना, आला.

काकांचं ऑपरेशन आटपून चीफ वॉर्डात आले. गळ्यात मास्क लोंबत होता, हातात कॉफी. मागे अद्वैत आणि बॅच. अद्वैतच्या टोपीखाली घाम होता, चेहरा उजळला होता. वॉश मिळालेल्याचा चेहरा मी ओळखतो. महिनाभर इतरांचे तेच बघत होतो.

“तयारी झाली?” चीफनी विचारलं. त्यांनी ट्रे बघितला. मला बघितलं. “बा इल्ली.” इकडे ये. कुत्र्याला म्हणतात त्या सुरात नाही, पण पोऱ्याला म्हणतात त्या सुरात. “काय झालं? ब्लेड बोथट आहे?”

मी उभा राहिलो. त्या कॉलेजात मी चार वर्षं इंग्रजीत “येस सर” म्हणालो आहे. त्या दिवशी इंग्रजी आलं नाही. मी कन्नडमध्ये म्हणालो, म्हणजे पेशंटना कळलं, आयाला कळलं, वॉर्डबॉयला कळलं.

“माडल्ला, सार्.” करणार नाही.

आयाचं फडकं थांबलं.

“काय?”

“माडल्ला.”

चीफ चिडले नाहीत. ते मोठे मुरलेले आहेत. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि मान तिरकी करून, अगदी मायेने विचारलं, “बापाच्या कामाची लाज वाटते तुला?”

प्रश्न असा होता की हो म्हटलं तर मी नालायक मुलगा आणि नाही म्हटलं तर उचल ट्रे. दोन्हीकडून दार लावलेलं.

“लाज नाही वाटत, सर. सकाळी केलं. चांगलं केलं. काकांना विचारा.” माझा आवाज मला लांबून येत होता. “पण वॉश रोल नंबरने मिळतो ना? मग हेही रोल नंबरने द्या. सकाळी मी केलं. आता माझ्या पुढच्या नंबरने करावं. उद्या त्याच्या पुढच्याने. शिकायची गोष्ट असेल तर सगळे शिकू.”

मी ट्रे उचलला आणि अद्वैतपुढे धरला.

अद्वैतने हात मागे घेतले. त्याला कळलंही नसेल. पाठीमागे नेले, शाळेत छडीच्या वेळी नेतात तसे. मी ट्रे पुढच्या मुलीपुढे धरला. तिने जमिनीकडे बघितलं. मी ट्रे धरून उभा. चार वर्षं यांच्याबरोबर मेलेली माणसं कापली, एका डब्यातून खाल्लं. एकाही हाताला तो ट्रे पेलवेना.

तेव्हा तो रिक्षावाला उठून बसला. “कोडि अण्णा,” म्हणाला, दे इकडे. आणि माझ्या हातातून रेझर घेतलं. “दाढी रोज करतोच की मी. पाठीला हात नाही पुरला तर बायकोला बोलावतो, बाहेर बसलीय.” आणि तो बाथरूमकडे चालायला लागला. सिस्टर “अरे, अरे” करत त्याच्या मागे गेली.

कुणीतरी खुसकन हसलं. चीफनी त्या बाजूला बघितलं आणि हसू विझलं. कॉफीचा कप त्यांनी माझ्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवला. “तुझी पोस्टिंग इथेच संपली. मी पूर्ण केली म्हणून देणार नाही. रिपीट करशील, आणि तेव्हाही युनिट माझंच असेल. माझ्या थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही.”

मी कप खिडकीवर ठेवला, ट्रे सिस्टरच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. जिन्यात अद्वैतने गाठलं.

“यार, मला काय माहीत? सरांनी सांगितलं तर मी नाही कसं म्हणणार? आणि तू पण ना, इतकं पर्सनली का घेतोस? करून टाकायचं, मूव्ह ऑन. कमिटी आहे ना ग्रीव्हन्सची, तिकडे जा.”

“तिचे अध्यक्ष कोण?”

अध्यक्ष चीफच होते.

“कसं होतं आत?” मी विचारलं.

“मस्त रे,” तो म्हणाला, आणि मग त्याला कुणाला सांगतोय ते उमगलं. तोंड तसंच उघडं राहिलं. मी उतरून गेलो.

संध्याकाळी दुकानात गर्दी नव्हती. अप्पांनी खुर्ची झटकली, मला बसायला लावलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही हात थांबवला नाही. कात्र्या पुसत होते.

“दुसरीही केस करून टाकायची होतीस,” ते शेवटी म्हणाले. “हात झिजतात का? एकदा डॉक्टर झालास की कोण विचारतंय.”

“काका न्हाव्याचा हात लागला म्हणून न्हाले, अप्पा. सकाळी मी तपासलं तेव्हा नाही न्हाले.”

“सगळेच न्हातात रे. केस टोचतात.”

“टोचतात म्हणून?”

अप्पांनी कात्री ठेवली. आरशात बघितलं, माझ्याकडे नाही. “शेट टाके काढून घरी आले की मला बोलावणं येईल,” म्हणाले. “आजारपणात दाढी घरी जाऊन करावी लागते. मागच्या दाराने. मी जाणार. तू मला जाऊ नको म्हणू नकोस. माझी हयात गेली त्यात.”

मी म्हणालो नाही. मला म्हणायचं होतं.

मग त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आतलं बघायला नाही मिळालं तुला?”

“नाही.”

“हं,” ते म्हणाले. त्यांनी बेसिनचा नळ घट्ट केला. तो गळत नव्हता, तरी घट्ट केला. दिवसभरात मला रडू आलं ते तेव्हा. ते मी तसंच गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. हिरवे कपडे घातले, टोपी घातली, मास्क लावला. हात धुवायची बेसिनं थिएटरच्या दाराच्या अलीकडे आहेत. मी पाय अलीकडेच ठेवले. नळ सोडला. नखं घासली, बोटांच्या मधल्या जागा घासल्या, मनगट, कोपर. शेजारच्या नळावर चीफ आले. त्यांनी मला आरशात बघितलं.

“मी काल काय सांगितलं?”

“ऐकलं, सर.”

मी घासत राहिलो. त्यांनी हात धुतले, हात वर धरले आणि पाठीने दार ढकलून आत गेले. ज्या मुलीची पाळी होती ती हात धुऊन माझ्याकडे न बघता आत गेली. दार दोनदा हललं आणि बंद झालं. मी हात वर धरून उभा राहिलो. पाणी कोपरांवरून गळत होतं. असे धुतलेले हात कशालाच लावायचे नसतात. नाक पुसायचं नाही, डोळे पुसायचे नाहीत. नुसतं उभं राहायचं.

येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

मी उद्याही येणार. पोस्टिंग रिपीट होईल, तेव्हाही याच बेसिनवर येणार. वस्तरा मी धरीन, अप्पांच्या दुकानात, रविवारी गर्दी असली की, मला वाटलं तर. इथे मला कुणी तो हातात देणार नाही, आणि दिला तर मी तो घेणार नाही, मग ट्रे धरणारा चीफ असो की देव. हात सुकले की मी पुन्हा धुईन. त्या टेबलाशी माझी एक पाळी शिल्लक आहे. ती दुसऱ्याने घेतली असेल. मी दिलेली नाही.